मत मागवलं, होकार नव्हे

१ मेची ग्रामसभा जवळ आली की आमच्या मुळशी तालुक्यातल्या लवळ्यात आठवडाभर आधी नोटीस लागते. आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर, मग तिचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी, आणि सगळ्यात शेवटी ते ठरलेलं वाक्य: ऐनवेळी येणारे विषय मा. अध्यक्षांच्या परवानगीने. कोरमला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी भरली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. म्हणजे तुम्ही आलात तरी ठराव होणार, नाही आलात तरी तुमच्या नावानं होणारच.

ही तहकूब सभेची गंमत जरा ध्यानात असू द्या. देशाच्या राज्यघटनेत राज्यांच्या विधिमंडळांसाठी जवळजवळ अशीच एक सोय आहे, आणि ज्या १ मेला आपण झेंडावंदन उरकून सभेला बसतो, तो १ मे त्याच सोयीच्या वाटेनं आलेला आहे.

लवळ्याचा मतदार सरपंच निवडतो, भोर मतदारसंघातून आमदार निवडतो आणि बारामतीतून खासदार. पण त्याच्या जमिनीला, दुकानाला, मुलाच्या शाळेला लागू होणारे कितीतरी मोठे कायदे दिल्लीत होतात. मग मधल्या पायरीवर, मुंबईच्या विधान भवनात बसलेल्या २८८ आमदारांना त्या कायद्याच्या मसुद्यावर बोलायचा काही हक्क आहे का? युरोपात हा प्रश्न फार मोठा मानला जातो. तिथे सत्तावीस देशांच्या डोक्यावर कायदे करणारी युरोपीय संघ नावाची एक संस्था आहे आणि खालच्या संसदा तिच्या प्रत्येक मसुद्यावर डोळा ठेवून असतात. आपलं संघराज्य म्हणजे देशांचा संघ नव्हे, हे खरं. पण खालच्या सभागृहानं वरच्या सभागृहाचा मसुदा तपासायचा, हे काम दोन्हीकडे सारखंच आहे. आणि महाराष्ट्राइतका या कामाचा कडू-गोड अनुभव घेतलेलं राज्य देशात दुसरं क्वचितच असेल.

साधा कायदा असेल तर उत्तर सोपं आहे: हक्क नाही. केंद्र सूचीतल्या किंवा समवर्ती सूचीतल्या विषयावर संसदेनं विधेयक आणलं, तर ते राज्यांच्या विधिमंडळांकडे पाठवण्याचं बंधन घटनेत कुठेही नाही. सरकारला वाटलं तर ते राज्य सरकारांना पत्र लिहून विचारतं, पण तो मंत्रालयांमधला पत्रव्यवहार. सभागृहाचा त्याच्याशी संबंध नाही. घटनेनं सभागृहाला मधे घेतलं आहे ते मोजक्याच ठिकाणी, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण म्हणजे कलम ३.

कलम ३ नुसार नवं राज्य निर्माण करणं, राज्याची हद्द किंवा नाव बदलणं, राज्याचे तुकडे करणं किंवा दोन राज्यं जोडणं हे सगळं संसद साध्या बहुमतानं करू शकते. घटनादुरुस्तीची कडक प्रक्रिया त्याला लागत नाही, तसं कलम ४ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं आहे. अटी दोनच. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनं मांडलं पाहिजे. आणि एखाद्या राज्याचं क्षेत्र, हद्द किंवा नाव त्यात बदलत असेल, तर राष्ट्रपतींनी ते आधी त्या राज्याच्या विधिमंडळाकडे त्याचं मत कळवण्यासाठी पाठवलं पाहिजे.

घटनेतला शब्द ‘मत’ आहे, ‘संमती’ नाही. घटना समितीत १९४८ साली के. टी. शहा यांनी दुरुस्ती सुचवली होती की असा प्रस्ताव मुळात त्या त्या राज्याच्या विधिमंडळातूनच निघावा. ती मान्य झाली नाही. कारण समजण्यासारखं होतं. फाळणी नुकतीच झाली होती, शेकडो संस्थानं विलीन होत होती, देशाचा नकाशा ओल्या मातीसारखा होता. राज्यांना नकाराधिकार दिला असता तर ती माती तशीच वाळली असती.

सुरुवातीला मत देण्याला मुदतही नव्हती. विधिमंडळ गप्प बसलं तर गाडी अडायची. २४ डिसेंबर १९५५ रोजी पाचवी घटनादुरुस्ती झाली आणि मुदत ठरवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. आता राज्यानं दिलेल्या वेळेत मत कळवलं तर ठीक, नाही कळवलं तरी संसद पुढे जायला मोकळी. इथे मला आमची तहकूब सभा आठवते. या दुरुस्तीची तारीखही बघा. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल येऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि देशभरची विधिमंडळं त्यावर पेटणार हे सरकारला दिसत होतं. मुदतीची अट चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण ती नेमकी तेव्हाच सुचली, एवढं नोंदवून ठेवतो.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या त्या आयोगानं मराठी माणसाला जे दिलं ते कुणालाच नको होतं: मराठी-गुजराती असं द्विभाषिक मुंबई राज्य, आणि विदर्भ वेगळा. आरडाओरड झाल्यावर काँग्रेसनं नोव्हेंबर १९५५ मध्ये दुसरा तोडगा काढला. महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशी तीन राज्यं करायची. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. विधानसभेत पुनर्रचनेवरची चर्चा सुरू झाली ती कौन्सिल हॉलमध्ये, म्हणजे रीगल सिनेमासमोरच्या त्या जुन्या दगडी इमारतीत, जिथे आज राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे.

मुळशीकरांना इथे एक ओळखीचं नाव भेटतं. १८ नोव्हेंबरला विधानसभेवर जो मोर्चा निघाला, त्याच्या पुढे सेनापती बापट होते. नुकतीच पंच्याहत्तरी पूर्ण झालेली. १९२१ साली आमच्या याच तालुक्यात, मुळशीच्या धरणाखाली जाणाऱ्या गावांसाठी सत्याग्रह उभा करणारा हा माणूस. तेव्हा मावळ्यांना कुणी विचारलं नव्हतं. जमीन घ्यायचा कायदा होता, तो लागू केला, संपलं. चौतीस वर्षांनी तोच माणूस अशा सभागृहाच्या दाराशी उभा होता, जिथे निदान विचारण्याचा विधी तरी चालू होता. मोर्चावर लाठ्या आणि अश्रुधूर चालला. तीन दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि पंधरा माणसं गेली. आत राज्याचं मत तयार होत होतं आणि बाहेर रस्त्यावर लोकांचं. दोन्हींच्या मधे पोलीस होते.

पुढचा घटनाक्रम कितीदा तरी सांगून झाला आहे, म्हणून भरभर सांगतो. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असं जाहीर केलं. शहर पेटलं. ६ फेब्रुवारीला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १८ एप्रिलला राज्य पुनर्रचना विधेयक लोकसभेत आलं, तेव्हा त्याच्या आठ, नऊ आणि दहा या कलमांत तीन स्वतंत्र घटक होते: केंद्रशासित मुंबई, मराठवाडा-विदर्भासह महाराष्ट्र, आणि सौराष्ट्र-कच्छसह गुजरात. विधेयक संयुक्त प्रवर समितीकडे गेलं. तिनं १६ जुलैला अहवाल दिला.

आणि मग ऑगस्टमध्ये, दिल्लीत, अवघ्या काही दिवसांत सगळं उलटलं. खासदारांच्या मोठ्या गटानं सुचवलं की तीन कशाला, एकच मोठं द्विभाषिक राज्य करू. सरकारनं ते उचललं. १० ऑगस्टला लोकसभेनं विधेयक मंजूर केलं ते तीन घटक पुसून, त्यांच्या जागी एकच मुंबई राज्य घालून. मुंबईच्या विधिमंडळानं मत दिलं होतं तीन घटकांवर. शिंप्यानं तिघांची मापं घ्यावीत आणि शेवटी तिघांना मिळून एकच अंगरखा शिवून आणावा, तसं झालं. गुजरातही खूष नव्हता. ८ ऑगस्टला अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या आणि तिथून महागुजरातची चळवळ उठली. राष्ट्रपतींची मान्यता ३१ ऑगस्टला मिळाली.

यावर न्यायालयात जायचं कुणाला सुचलं? बाबूलाल पराते यांना. सप्टेंबर १९५६ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा ग्रामसभेत बसणाऱ्या कुठल्याही माणसाला पटेल असा होता. ज्या प्रस्तावावर विधिमंडळाला विचारलं, तो प्रस्ताव कायदा झालाच नाही, आणि जो कायदा झाला त्यावर विचारलंच नाही. मग कलम ३ ची अट पाळली गेली असं कसं म्हणायचं? १४ सप्टेंबरला उच्च न्यायालयानं अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ ऑगस्ट १९५९ रोजी न्या. एस. के. दास यांनी लिहिलेला निकाल लागला. पराते तिथेही हरले.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं. विधेयकातला प्रस्ताव विधिमंडळाकडे गेला, मुदत दिली गेली, अट पूर्ण झाली. संसद त्या मताला बांधील नाही. मत मान्य करणं न करणं तिच्या हातात आहे, आणि सभागृहात विधेयकाला दुरुस्त्या सुचवणं हा संसदेच्या कामाचाच भाग आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा राज्याकडे पाठवायचं ठरवलं तर ही ये-जा कधी संपायचीच नाही. शिवाय ‘राज्य’ या शब्दात राज्यातली जनता येते, म्हणून जनतेला विचारा, हा युक्तिवादही न्यायालयानं मानला नाही. घटनेनं विधिमंडळाचं नाव घेतलं आहे, जनतेचं नाही.

हा निकाल मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा एकच वाटतं. वकील म्हणून त्यात बोट ठेवायला जागा कमी आहे, मतदार म्हणून पुष्कळ आहे. किरकोळ दुरुस्ती आणि आख्खा प्रस्ताव बदलणं यांत फरक करता आला असता. नांदेडचं एखादं गाव इकडचं तिकडे झालं ही दुरुस्ती. तीन घटकांचं एक राज्य झालं याला दुरुस्ती म्हणायचं म्हणजे बैल विकून आणलेल्या म्हशीला दुरुस्त केलेला बैल म्हणण्यासारखं आहे. पण तो निकाल आजही कायदा आहे.

त्याचा पुढचा प्रत्यय आंध्रात आला. डिसेंबर २०१३ मध्ये आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक राष्ट्रपतींनी हैदराबादला पाठवलं. आमदारांनी नऊ हजारांहून अधिक दुरुस्त्या सुचवल्या, मुदत एकदा वाढवून मिळाली, आणि ३० जानेवारी २०१४ ला विधानसभेनं आवाजी मतदानानं विधेयक सरळ फेटाळलं. तीन आठवड्यांच्या आत लोकसभा आणि राज्यसभा दोघींनी ते मंजूर केलं. २ जूनला तेलंगण अस्तित्वात आलं. नऊ हजार दुरुस्त्या सुचवणाऱ्यांनाही बहुधा माहीत होतं की हे कागद कुठे जाणार. मत नोंदवलं जावं, एवढाच त्यांचा हेतू असावा. नोंद झाली.

मग विचारण्याला काही अर्थ आहे का? आहे, पण तो सभागृहाच्या बाहेर शोधावा लागतो. १९५७ च्या निवडणुकीत समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोपवलं. द्विभाषिकाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना पुढची तीन वर्षं हे गणित रोज दिसत होतं. मार्च १९६० मध्ये मुंबई पुनर्रचना विधेयक विधिमंडळासमोर मतासाठी आलं तेव्हा मुख्य निर्णय कधीच होऊन गेला होता. चर्चा उरली होती ती तपशिलाची: डांग कुणाकडे, उंबरगाव कुणाकडे, नंदुरबार-नवापूर-अक्कलकुवा भागातली कोणती गावं गुजरातला द्यायची. कायद्याच्या परिशिष्टात ती गावं नावानिशी छापलेली आहेत. २५ एप्रिलला राष्ट्रपतींची सही झाली आणि सहा दिवसांनी महाराष्ट्र झाला. तेच कलम ३, तीच प्रक्रिया, तेच ‘मत’. १९५६ ला तिनं काही साधलं नाही, १९६० ला सगळं सुरळीत झालं. फरक मधल्या मतपेटीनं केला, कौन्सिल हॉलनं नव्हे.

गोव्याचं उदाहरण याच्या बरोबर उलटं आहे आणि मला ते फार आवडतं. विलीनीकरणाच्या प्रश्नावर तिथे विधानसभेचं मत पुरेसं मानलं असतं, तर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर असल्यामुळे उत्तर ‘महाराष्ट्रात सामील’ असंच आलं असतं. केंद्रानं त्याऐवजी खास कायदा करून १६ जानेवारी १९६७ ला थेट लोकांना विचारलं. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० मतं पडली, केंद्रशासित राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१. आमदारांचं मत म्हणजे लोकांचं मत, हे गृहीतक तिथे चौतीस हजार मतांनी कोसळलं. मराठी माणसाला हा निकाल आजही थोडा बोचतो, पण पराते यांना जे हवं होतं ते गोव्याला मिळालं, हे मान्य करायला हवं.

आता दुसरं टोक. घटनेतल्या काही तरतुदी बदलायच्या असतील तर कलम ३६८ नुसार संसदेनं मंजूर केल्यावरही किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी होकार द्यावा लागतो. इथला शब्द मत नव्हे, अनुसमर्थन. ते मिळाल्याशिवाय विधेयक राष्ट्रपतींकडे सहीला जातच नाही. वस्तू व सेवा कर (जीएसटी) आणणारी १०१ वी घटनादुरुस्ती याच वाटेनं गेली. राज्यसभेनं ती ३ ऑगस्ट २०१६ ला मंजूर केली, लोकसभेनं ८ ऑगस्टला. २९ राज्यांपैकी १५ विधिमंडळांचा होकार हवा होता. आसामनं पहिला नंबर लावला, १२ ऑगस्टला. महाराष्ट्रानं २९ ऑगस्टला एका दिवसाचं विशेष अधिवेशन घेऊन ठराव केला. ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली.

म्हणजे बघा, साबणावर आणि सिमेंटवर कर कसा लावायचा यासाठी निम्म्या राज्यांचा होकार लागतो, आणि राज्याचेच दोन तुकडे करायचे असतील तर त्या राज्याचा होकार लागत नाही. घटनाकारांकडे त्याची कारणं होती, मी वर दिली आहेत. तरी ही दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवली की माणूस क्षणभर गप्प बसतो.

पण या बंधनकारक होकारातही एक मेख आहे. २९ ऑगस्टला विधान भवनात बसलेल्या आमदारांना विधेयकातला स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नव्हता. फक्त हो किंवा नाही. कलम ३ मध्ये वाट्टेल ते बोला, कुणी बांधील नाही. कलम ३६८ मध्ये तुमचं उत्तर बांधील आहे, पण एकाच शब्दाचं. मधली वाट, म्हणजे मसुदा हातात घेऊन ‘हे कलम असं करा’ म्हणणं आणि ते कुणीतरी ऐकून घेणं बंधनकारक असणं, घटनेत नाही.

तरीही महाराष्ट्रानं घासाघीस केली, ती वेगळ्या दारानं. मुंबईच्या दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की जकात ही मुंबई महापालिकेची दुभती गाय होती. वर्षाला सात हजार कोटींच्या घरात. पुण्यात ती १ एप्रिल २०१३ लाच जाऊन तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला होता. नव्या करात हे सगळं बुडणार होतं. विधानसभेला अनुसमर्थनाच्या ठरावात अट घालता येत नव्हती, पण राज्याचा स्वतःचा जीएसटी कायदा करताना येत होती. मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात त्या कायद्याबरोबरच महापालिकांना भरपाई देणारा स्वतंत्र कायदा मंजूर झाला. १ जुलैला जीएसटी सुरू झाला आणि त्याच आठवड्यात मुंबई महापालिकेला सुमारे ६४७ कोटींचा पहिला हप्ता मिळाला. लवळ्यासारख्या ग्रामपंचायतीला जकात नव्हतीच, त्यामुळे या भांडणात आमचा वाटा प्रेक्षकाचा.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. दर ठरवणारी जीएसटी परिषद म्हणजे केंद्राचे अर्थमंत्री आणि राज्यांचे मंत्री एका टेबलाभोवती. मतांचं वजन असं: केंद्राला एक तृतीयांश, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश हवेत. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय त्यांचं चालत नाही. एरवी निर्णय सहमतीनं होतात. मतदानाची पहिली वेळ आली ती १८ डिसेंबर २०१९ ला, लॉटरीवरच्या करासाठी. मे २०२२ मध्ये मोहित मिनरल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, त्यांना वजन आहे एवढंच. कागदावर हा विधिमंडळांचा मोठा विजय होता. व्यवहारात मात्र परिषदेनं दर ठरवायचा, राज्याचा मंत्री तिथे मान डोलावून यायचा आणि सभागृहाला अधिसूचना निघाल्यावर कळायचं, असंच चालू राहिलं.

इथे डेन्मार्ककडून शिकण्यासारखं आहे. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेत निघण्यापूर्वी तिथला मंत्री आपल्या संसदेच्या युरोपविषयक समितीसमोर बसतो, महत्त्वाच्या विषयांवर आपण काय भूमिका घेणार ते सांगतो, आणि समितीत त्याविरुद्ध बहुमत नाही याची खात्री करूनच विमानात चढतो. १९७३ मध्ये देश त्या गटात शिरला तेव्हापासूनचा हा रिवाज आहे. आपल्या अर्थमंत्र्यांनी परिषदेच्या बैठकीपूर्वी विधिमंडळाच्या एखाद्या छोट्या समितीला तासभर वेळ द्यावा, यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. सभागृहानं आपल्या नियमांत एक पान वाढवलं तरी पुरे.

बाकीच्या युरोपातही पद्धत बघण्यासारखी आहे. डिसेंबर २००९ पासून ब्रसेल्सहून निघालेला प्रत्येक मसुदा देशांच्या संसदांकडे जातो आणि त्यांना आठ आठवडे मिळतात. प्रश्न एकच असतो: जे काम खालच्या पातळीवर नीट होऊ शकतं ते उगाच वर का नेता? गावचा कारभार गावानं करावा, हे जे आपण पंचायत राजच्या प्रत्येक भाषणात ऐकतो, तेच तिथे कायद्याच्या भाषेत आहे. प्रत्येक देशाच्या संसदेला दोन मतं असतात, एक तृतीयांश मतांनी हरकत घेतली की मसुद्याला ‘पिवळं कार्ड’ मिळतं आणि तो फेरविचाराला जातो. प्रांतांच्या विधिमंडळांनाही गरजेप्रमाणे विचारात घ्यावं, असं कलम आहे. पण याचं फार कौतुक करू नये. इतक्या वर्षांत पिवळं कार्ड तीनदाच दाखवलं गेलं, २०१२, २०१३ आणि २०१६ मध्ये, आणि त्यांतला एकच मसुदा मागे घेतला गेला.

खरा दणका दिला तो एका प्रांतिक सभागृहानं, तोही कायद्याला नव्हे तर कराराला. बेल्जियमच्या घटनेमुळे देशाला कॅनडाबरोबरच्या व्यापार करारावर सही करण्याआधी आपल्या प्रांतांची संमती लागत होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये वालोनियाच्या पंच्याहत्तर सदस्यांच्या विधिमंडळानं ‘नाही’ म्हटलं. छत्तीस लाख लोकसंख्येच्या, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढ्या प्रांतानं पन्नास कोटी लोकांचा करार दोन आठवडे अडवून धरला. शेतीच्या संरक्षणाबद्दल आणि कंपन्यांच्या लवादाबद्दल लेखी खुलासे मिळाले, मग ३० ऑक्टोबरला सही झाली. त्यांच्याकडे हे बळ कुठून आलं? त्यांच्या कायद्यात ‘मत’ हा शब्द नव्हता, ‘संमती’ होता.

आपल्याकडे राज्यं स्वतःहून वर अधिकार देतात, असंही एक कलम आहे, २५२. दोन किंवा अधिक विधिमंडळांनी ठराव केला तर संसद राज्याच्या विषयावरही त्यांच्यासाठी कायदा करते. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात असा आला. पुण्या-मुंबईत जमिनीचा व्यवहार केलेल्या माणसाला ‘यूएलसी’ ही तीन अक्षरं समजावून सांगावी लागत नाहीत. गंमत अशी की एकदा दिलेला विषय परत घेता येत नाही. संसदेनं १९९९ मध्ये कायदा रद्द केला, पण महाराष्ट्रानं ते रद्द करणं स्वीकारायला नोव्हेंबर २००७ उजाडला. आठ वर्षं बऱ्याच फायली बऱ्याच टेबलांवर फिरल्या.

आणि मसुद्याच्या भाषेचा प्रश्न? मार्च २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केंद्रानं लोकांच्या हरकतींसाठी काढला, तो इंग्रजी आणि हिंदीत. ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयानं तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत आणायला सांगितलं. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदाही २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतो आहे आणि प्रत्येक वेळी हरकतींना साठ दिवस मिळतात. मुळशीसारख्या डोंगरी तालुक्यात हा मसुदा अजूनही कानोकानीच जास्त पोचतो. गावात सिंबायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठं आहेत, फ्लेममध्ये सार्वजनिक धोरण शिकवतातही. ते डोंगरावरून खाली चावडीत उतरायचं बाकी आहे.

सीमाभागाचं तर सांगायलाच नको. बेळगावसाठी महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात जो दावा लावला, त्यात आव्हान दिलं आहे ते १९५६ च्या त्याच पुनर्रचना कायद्याच्या कलमांना. २७ डिसेंबर २०२२ ला नागपूर अधिवेशनात विधिमंडळानं एकमतानं ठराव केला की ८६५ मराठी गावांची इंच इंच जमीन महाराष्ट्रात यावी. ठराव एकमतानं झाला. तोही शेवटी एक मतच आहे.

२०१४ पासून केंद्राचं स्वतःचं धोरण आहे की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. ते नेहमी पाळलं जात नाही, पण पाळलं जातं तेव्हा तीस दिवसांत एक ग्रामसभा बसू शकते. ग्रामसभेनं केंद्राच्या मसुद्यावर ठराव करू नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. सूचक, अनुमोदक, एक प्रत आमदाराला, एक खासदाराला, एक संबंधित मंत्रालयाला. एवढं करायचं असेल तर नोटीस निघायच्या आधी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि विषय पत्रिकेवर छापून घ्या. ऐनवेळच्या विषयांवर सोडलात, तर तो निघेपर्यंत मंडपातली निम्मी माणसं जेवायला गेलेली असतात.